एका पीएनआरमधलं कुटुंब

मे २०१९ मधली गोष्ट. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दिल्लीच्या विमानाचे तीन बोर्डिंग पास माझ्या हातात पडले. नवऱ्याची सीट ८बी, माझी १७ई आणि आमच्या साडेचार वर्षांच्या मुलीची २३बी. तिन्ही मधल्या सीट. म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या हाताला दोन अनोळखी माणसं आणि आम्ही दोघं तिला दिसणारही नाही इतक्या लांब. मी काउंटरवर विचारलं, "अहो, ही एवढीशी पोरगी एकटी कशी बसेल?" उत्तर आलं, "मॅडम, विमान फुल आहे. आत गेल्यावर कुणाला तरी रिक्वेस्ट करा."

आत गेल्यावर २३सी वरच्या एका कॉलेजच्या मुलानं काही न विचारता सॅक उचलली आणि माझ्या जागेवर जाऊन बसला. त्यानं आईलची सीट सोडून मधली घेतली. त्याचे उपकार मी विसरलेले नाही. पण एक प्रश्न तेव्हापासून मनात घर करून राहिला. तिकीट काढताना आम्ही तिची नोंद 'मूल' म्हणूनच केली होती. ती माहिती कंपनीकडे होती. तरीही तिला २३बी कुणी दिली? त्या प्रश्नाचा माग काढता काढता जे समजलं, ते लहान मुलांना घेऊन विमानानं जाणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असावं म्हणून हा लेख.

एसटीत जागा धरायची रीत आपल्याला माहीत आहे. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा. विमानात रुमाल टाकायची वेळ फार आधी येते, तिकीट काढतानाच. आणि इथला रुमाल म्हणजे पीएनआर.

पीएनआर म्हणजे तुमच्या बुकिंगचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. एका वेळी, एका व्यवहारात जितक्या जणांची तिकिटं काढली, ते सगळे एका पीएनआरखाली येतात. माणसाच्या नजरेला आई, बाबा, मुलगी हे कुटुंब दिसतं. कंपनीच्या संगणकाला आडनाव सारखं असल्यानं काही कळत नाही. पाटील आडनावाची पाच माणसं एका विमानात असली तर ती एका घरची असतील असं त्यानं का धरावं? त्याला एकच नातं कळतं, ते म्हणजे एका पीएनआरवर असणं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता विमानातली मांडणी पाहू. देशांतर्गत उड्डाणांत सर्वाधिक दिसणाऱ्या एअरबस ए३२० जातीच्या विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन सीट असतात. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी आईलच्या, बी आणि ई मधल्या. तीस रांगा धरल्या तर १८० सीट होतात आणि त्यांतल्या ६० मधल्या. पैसे भरून सीट निवडणारा मधली कशाला घेईल? आधी चेक-इन करणाराही खिडकी नाही तर आईलच पाहतो. त्यामुळे विमान भरत आलं की उरतात त्या इथे एक, तिथे एक अशा विखुरलेल्या मधल्या सीट. ज्यांनी सीट निवडलेली नाही आणि चेक-इनही उशिरा केलं, त्यांना संगणक त्या वाटत सुटतो. आमच्या हाती आलेल्या ८बी, १७ई आणि २३बी अशाच उरलेल्या सीट होत्या. आमच्यावर कुणाचा राग नव्हता, पण मूल कुणाचं आहे हे पाहण्याची सक्तीही तेव्हा त्या वाटपावर नव्हती.

सीट निवडायला वेगळे पैसे का, हा दुसरा प्रश्न. विमान कंपन्यांनी तिकिटाच्या दरातून एकेक सेवा सुटी केली आहे: पसंतीची सीट, खाणं-पिणं, जादा सामान. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याला परवानगी देतं. पण त्या परवानगीत एक अट आहे आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. या सेवा प्रवाशानं स्वतःहून मागितल्या तरच लागू होतात, त्या गळ्यात मारता येत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेब चेक-इनच्या वेळी विमानातल्या सगळ्याच सीटना दर लावण्याची घोषणा झाली, तेव्हा देशभर ओरड झाली आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं त्यात लक्ष घातलं. पुढे मे २०२० मध्ये करोनामुळे वेब चेक-इन सक्तीचं झालं आणि काउंटरवर फुकट सीट मागायची जुनी वाटही काही काळ बंद झाली. मुलं असलेल्या घरांची अडचण या सगळ्यात वाढत गेली. "मुलाशेजारी बसायचं असेल तर पैसे भरा" असा त्याचा अर्थ होऊ लागला होता.

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं आपल्या परिपत्रकात सुधारणा केली. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या पालकांपैकी किंवा सांभाळणाऱ्यांपैकी किमान एकाच्या सोबत सीट द्यायची आणि तशी नोंद ठेवायची, असं कंपन्यांना सांगितलं. त्याच परिपत्रकात ज्यांनी सीट निवडली नाही त्यांना ती आपोआप देण्याची तरतूदही आहे. म्हणजे निवड केली नाही म्हणून तुमचं काही अडत नाही.

नियम चांगला आहे. पण तो नीट वाचायला हवा, कारण त्यातले दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. पहिला शब्द 'किमान एक'. आई, बाबा, ताई, दादा असे चौघं शेजारी-शेजारी बसतील असं नियम म्हणत नाही. मुलापाशी एक मोठं माणूस असलं की नियम पाळला गेला. दुसरा शब्द 'त्याच पीएनआरवर'. हा अनेकांच्या लक्षात येत नाही आणि घोळ तिथेच होतो.

माझ्या वहिनीचं उदाहरण सांगते. ती दीड वर्षाचं बाळ, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई यांच्यासह नागपूरहून पुण्याला येणार होती. भावानं तिकिटं दोन हप्त्यांत काढली. आधी वहिनी आणि बाळ. सासूबाईंचं यायचं नक्की झाल्यावर त्यांचं आणि पाच वर्षांच्या नातवाचं. पीएनआर दोन झाले. विमानात नातू आजीशेजारी चोविसाव्या रांगेत आणि आई बाळाला घेऊन सहाव्या रांगेत. नियमाच्या दृष्टीनं सगळं बरोबर होतं, कारण आजीही सांभाळणारीच. पण आजी पहिल्यांदा विमानात बसलेल्या. पट्टा कसा लावायचा हे त्यांनाच कुणी सांगायला हवं होतं. नातवाचे कान दुखायला लागले तेव्हा तो आईच्या नावानं रडत होता, आणि पट्ट्याची खूण लागलेली असल्यानं वहिनीला उठता येत नव्हतं. चौघांचा पीएनआर एक असता तर हे बहुधा टळलं असतं.

भावानं दोन हप्त्यांत तिकिटं काढली ती गरज म्हणून. पुष्कळ लोक मात्र पैसे वाचवायला मुद्दाम तसं करतात, आणि त्यामागचा हिशोब खोटा नाही. एका विमानातल्या साध्या वर्गातसुद्धा वेगवेगळ्या भावांचे गठ्ठे असतात. समजा ४,५०० रुपयांच्या गठ्ठ्यात दोनच सीट उरल्या आहेत आणि पुढचा गठ्ठा ५,२०० चा आहे. तुम्ही चार जणांसाठी शोधलंत तर चारही तिकिटं ५,२०० नं दिसतात, कारण चौघं एकत्र बसतील इतकी जागा स्वस्त गठ्ठ्यात नाही. दोन-दोन अशी शोधलीत तर पहिली दोन ४,५०० नं मिळतात. चौघांमागे १,४०० रुपये वाचले. पण त्या बदल्यात तुमचं कुटुंब संगणकाच्या लेखी दोन अनोळखी गट झालं.

मुलं बारा वर्षांच्या आतली असतील तर हा मोह टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टाळणं शक्यच नसेल तर विभागणी तरी विचारानं करा. प्रत्येक पीएनआरवर एक मोठं माणूस आणि त्याच्याशीच रुळलेलं मूल. धाकटं ज्याच्याशिवाय झोपत नाही, ते त्याच्याच पीएनआरवर. लग्नाला अकरा जण निघाले असतील तर विभागणी करावीच लागते, कारण बहुतेक संकेतस्थळांवर एका बुकिंगमध्ये नऊच माणसं बसतात. अशा वेळी आई-बाप आणि मुलं एकीकडे, मामा-मामी आणि आजोबा दुसरीकडे. मग ग्राहक सेवेला फोन करून दोन्ही पीएनआर सांगा आणि ही माणसं एकत्र आहेत अशी नोंद करायला सांगा. या नोंदीनं शेजारची सीट मिळेलच असं नाही, पण काउंटरवरच्या माणसाला ती दिसते आणि त्याचं काम सोपं होतं.

वयाची नोंद खरी करा, हेही इथेच सांगायला हवं. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट असतं, त्यामुळे विमानातही तसंच काही असेल असं अनेकांना वाटतं. विमानात खरी रेघ दोन वर्षांची आहे. दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर बसतं, त्याचे थोडे पैसे लागतात आणि त्याला सीट मिळत नाही. दोन वर्षं पूर्ण झाली की त्याला स्वतःची सीट घ्यावी लागते आणि भाडंही जवळपास मोठ्या माणसाइतकं पडतं. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. जाताना बाळ दोनच्या आत आणि परतीआधी वाढदिवस, असं असेल तर परतीची सीट लागते. घाईत मुलाला 'मोठं माणूस' म्हणून नोंदवलंत, तर नियमानं मिळणारी सोबतही हातची जाते, कारण त्या पीएनआरवर मूल आहे हेच संगणकाला कळत नाही.

मांडीवरच्या बाळाबाबत एक बारकावा आहे. एअरबस ए३२० सारख्या विमानात डोक्यावरच्या खणात तीन सीटच्या समोर सहसा चारच ऑक्सिजन मास्क असतात: तीन बसलेल्यांचे आणि एक मांडीवरच्या बाळाचा. म्हणून तीन सीटच्या एका बाजूला दोन बाळं बसवत नाहीत. जुळ्या बाळांचे आई-बाप यामुळे गोंधळतात, कारण संगणक त्यांना शेजारी बसूच देत नाही. त्यांनी एकाच रांगेत वाटेच्या अल्याड-पल्याड सी आणि डी मागाव्यात, म्हणजे हात पुरतो. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ चालतं, हेही ध्यानात असू द्या. बाळाचा जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड हातातल्या पिशवीत वर ठेवा, काउंटरवर ते विचारतात.

तिकीट झालं की पुढची महत्त्वाची वेळ उड्डाणाच्या ४८ तास आधीची. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांचं वेब चेक-इन तेव्हा उघडतं. ते उघडल्या उघडल्या बसा, कारण त्या वेळी सलग मोकळ्या सीट जास्त असतात. पडद्यावर रंगीत चौकोन येतात आणि प्रत्येकावर काहीतरी रक्कम दिसते. इथे लोक घाबरतात आणि चार जणांचे पैसे भरून मोकळे होतात. तसं करण्याआधी ते पान शेवटपर्यंत खाली सरकवा. सीट न निवडता पुढे जाण्याचा पर्याय बारीक अक्षरांत तिथेच असतो. त्यावरून गेलात की संगणक आपोआप सीट देतो, आणि पीएनआर एक असेल, मुलाचं वय बरोबर नोंदवलेलं असेल, तर मुलाशेजारी एक पालक यायला हवा.

आला नाही तर? तेव्हा लगेच पैसे भरू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा. ग्राहक सेवेला फोन करा किंवा चॅटवर लिहा: पीएनआर, मुलाचं नाव, वय आणि "१२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या पालकासोबत सीट देण्याच्या डीजीसीएच्या सूचनेनुसार बदल करून द्या" हे एक वाक्य. आवाज चढवायची गरज नसते. फोनवरच्या मुला-मुलींना हा नियम माहीत असतो आणि तुम्हालाही माहीत आहे हे कळलं की काम लवकर होतं. तिथे झालं नाही तर विमानतळावर दोन तास आधी पोचा आणि थेट काउंटरवर जा. काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. त्यानंतर बदल करणं कर्मचाऱ्यांनाही अवघड असतं, कारण तोवर यादी पुढे गेलेली असते. काउंटरवर नाही म्हणाले तर ड्यूटी मॅनेजरला बोलावून घ्या. आणि एवढं करूनही पाच वर्षांचं पोर एकटं बसवलं गेलं, तर प्रवासानंतर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नक्की करा, बोर्डिंग पासच्या फोटोसकट. नोंद ठेवायची सक्ती कंपनीवर आहे, त्यामुळे आपल्या तक्रारीला वजन असतं.

पैसे भरून सीट घ्यावी का, असं मला अनेक आया विचारतात. एक पालक आणि एक किंवा दोन मुलं असतील तर सहसा गरज पडू नये. आई-बाबा आणि एक मूल असेल आणि दोघंही शेजारी हवे असतील, तर तो तुमचा आग्रह आहे, नियमाचा नाही. परवडत असेल तर भरा, त्यात गैर काही नाही. मूल आजारी असेल, विशेष गरजा असलेलं असेल, रात्रीचं लांबचं उड्डाण असेल, तर मी स्वतः भरते.

चौघांचं कुटुंब तीन सीटच्या रांगेत कसं बसवायचं, याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तिघं एका बाजूला आणि चौथं वाटेपलीकडे. दुसरा म्हणजे एकामागच्या एका रांगेत दोन-दोन. मला दुसरा आवडतो. मुलं पुढच्या सीटला लाथा मारणारच. पुढे आपलंच माणूस असलं की त्या लाथा घरातच राहतात आणि मागे वळून हातात बिस्कीट देता येतं. कसंही बसा, पण मुलाला आईलच्या सीटवर बसवू नका. चहा-कॉफीची गाडी तिथूनच जाते, आणि मुलांना हात बाहेर टाकून झोपायची सवय असते. मूल खिडकीकडे, मोठं माणूस त्याच्या आणि वाटेच्या मध्ये.

काही सीट मुलांना मिळतच नाहीत. संकटकालीन दाराच्या रांगेत मूल किंवा मुलासोबतचं माणूस बसू शकत नाही, कारण तिथल्या प्रवाशाला वेळ आली तर दार उघडायचं असतं. सगळ्यात पुढच्या रांगेत पाय पसरायला जागा मिळते, पण उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बाळाची पिशवीसुद्धा पायाशी ठेवता येत नाही, वरच्या कप्प्यात टाकावी लागते. तिथल्या जेवणाच्या ट्रे हाताच्या दांड्यात असतात, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि मुलाला आडवं करता येत नाही. छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर विमानात दोन-दोन सीट असतात. एक पालक, एक मूल यांना ती मांडणी छान पडते. पण अशा लहान विमानात वजनाचा तोल सांभाळावा लागतो, म्हणून उड्डाणाआधी मनानंच जागा बदलू नका, केबिन क्रूला विचारा.

आणखी एक सवय लावून घ्या. सीट मिळाली तरी दोन दिवस आधी आणि निघण्याच्या दिवशी ती पुन्हा एकदा बघा. कंपनीनं विमान बदललं, उड्डाण रद्द करून दुसऱ्यात घातलं, की सीटचा नकाशा नवा होतो आणि जुन्या निवडी विस्कटतात. पैसे भरून घेतलेल्या सीटचंही असं होतं. अशा वेळी ती परत मागायचा किंवा पैसे परत मागायचा हक्क तुमचा आहे.

मुलाशेजारी बसणं ही सोय आहे की सुरक्षा, यावर बोलायलाच हवं. ३५,००० फुटांवर केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर माणसाचं भान जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकतं. उड्डाणाआधी सांगतात ना, आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा? हे वाक्य मूल हाताच्या अंतरावर आहे असं धरूनच लिहिलेलं आहे. साडेचार वर्षांच्या मुलीला लोंबणारा मास्क खाली ओढायचा असतो हे ठाऊक नसतं. तिच्या शेजारच्या अनोळखी माणसानं स्वतःच्या जिवाच्या घाईत तिचाही मास्क लावावा, अशी अपेक्षा आपण कुठल्या हक्कानं करायची? दुसरं कारण विमान रिकामं करण्याचं. नव्या जातीच्या विमानाला मान्यता मिळवताना, निम्मी दारं बंद धरून, सगळ्यांना ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावं लागतं. प्रत्यक्ष संकटात आई मागच्या दाराकडे पळणाऱ्या लोंढ्याला तोंड देत पुढे मुलाकडे जाणार, यात शंका नाही. तिच्यामुळे वाट अडेल आणि इतरांचाही जीव धोक्यात येईल. म्हणूनच ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचं मार्गदर्शन आहे की मूल शक्यतो पालकाच्याच रांगेत असावं, आणि ते जमलंच नाही तर एका रांगेपेक्षा किंवा एका वाटेपेक्षा लांब नसावं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगते, कारण आता घरटी एक मूल तिकडे आहे आणि नातवंडांची ये-जा चालू असते. कॅनडाचा नियम मला सगळ्यांत नेटका वाटतो. तो डिसेंबर २०१९ पासून लागू आहे आणि वयानुसार अंतर ठरवून देतो. पाच वर्षांखालचं मूल पालकाच्या लगतच्या सीटवर. पाच ते अकरा वर्षांचं त्याच रांगेत, मध्ये फार तर एक सीट. बारा-तेरा वर्षांचं फार तर एक रांग सोडून. आणि यासाठी जादा पैसे नाहीत. अमेरिकेत परिवहन खात्यानं मार्च २०२३ मध्ये कोणती कंपनी मुलाला पालकाशेजारी विनामूल्य बसवण्याची हमी देते, याचा तक्ता जाहीर केला. ऑगस्ट २०२४ मध्ये तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बंधनकारक नियम मांडला, पण तो प्रस्ताव होता. त्यामुळे अमेरिकेतल्या अंतर्गत उड्डाणाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढण्याआधी त्या कंपनीचं धोरण वाचा. युरोपात रायनएअरची पद्धत निराळी आहे: बारा वर्षांखालच्या मुलांसोबतच्या एका मोठ्या माणसानं सीट विकत घ्यायची, मग त्याच्यासोबतच्या चार मुलांपर्यंत सीट मोफत.

लांबच्या प्रवासात एक खाचखळगा हमखास लागतो. तिकीट एका कंपनीचं आणि पुढचं विमान तिच्या भागीदार कंपनीचं. मुंबई ते युरोप निवडलेल्या सीट पक्क्या असतात, पण पुढच्या टप्प्याच्या कोऱ्या राहतात, कारण तिथे त्या कंपनीचा स्वतःचा वेगळा पीएनआर असतो. तो मागून घ्या आणि तिच्या संकेतस्थळावर वेगळी सीट पाहा. बाळासाठी पाळणा, म्हणजे बॅसिनेट, हवा असेल तर तिकीट काढल्या दिवशीच फोन करा. मोठ्या विमानात तो पुढच्या भिंतीला लागतो, पण मोजकेच असतात आणि वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते.

एवढं सगळं करूनही कधीतरी विमानात शिरल्यावर सीट वेगळ्या निघतील. तेव्हा परक्याच्या जागेवर आधी बसून मग विनंती करू नका, समोरच्याला ते बळजबरीसारखं वाटतं. उभं राहून सांगा: "दादा, माझा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याची सीट तुमच्या शेजारची आहे. माझी सीट दहावी रांग, आईलचीच आहे, तुमच्यासारखी. बदलाल का?" आपली सीट त्यांच्याइतकी चांगली किंवा त्याहून चांगली असेल तरच विचारणं सोपं जातं. पैसे भरून खिडकी घेतलेल्या माणसाला मागच्या मधल्या सीटवर जा म्हणणं योग्य नाही. त्यानं नाही म्हटलं तर तो त्याचा अधिकार आहे, त्याला दोष देऊ नये. मग केबिन क्रूला बोलवा, असे बदल करणं त्यांचं रोजचं काम आहे.

आणि तुम्ही एकटे प्रवास करत असाल, आणि एखादी आई बोर्डिंग पास हातात धरून तुमच्या रांगेशी थांबली, तर जमलं तर उठा. पुणे-दिल्ली हा सव्वादोन तासांचा प्रवास आहे. त्या कॉलेजच्या मुलानं ते सव्वादोन तास मधल्या सीटवर काढले, आणि माझी मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून दिल्लीपर्यंत झोपली.